रिकामा रकाना
शाळेच्या अर्जात ‘वडिलांचे पूर्ण नाव’ लिहिताना आपला हात थबकत नाही. अनाथ मुलाचं घोडं तिथेच अडतं. जातीचा दाखला काढावा, तर वाडवडिलांचे कागद आणायचे कुठून? महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, हे मोठंच काम झालं. पण त्यासाठीही अनाथ प्रमाणपत्र हवंच, आणि वयाची १८ वर्षं भरली की बालगृह सुटतं. वाढदिवसाला केक आणि वह्या घेऊन बालगृहात जाणारे पुष्कळ, जरूर जावं. मात्र बारावीनंतरची फी, खोलीचं भाडं, मेसचा डबा आणि कचेरीच्या खिडकीशी सोबत उभं राहणारं एखादं मोठं माणूस, खरी नड तिथे आहे.