पैठणीचा पदर आणि घरचा ब्रोच

गेल्या माघांत मेहकरास आमच्या मेहुण्यांच्या घरीं मुंज होती. त्या प्रसंगीं आमच्या थोरल्या नातीनें आपल्या पणजीची, म्हणजे आमच्या मातोश्रींची, पैठणी नेसावी असें घरांतील बायकांनीं ठरविलें. मातोश्रींच्या पश्चात् ती पैठणी ट्रंकेंतून बाहेर निघाली नव्हती. तेरा वर्षांच्या धाकट्या नातवानें ताईसाठीं स्वतःच्या हातानें ब्रोच केला : खामगांवच्या बाजारांतून आणलेली चांदीची चकती, तिच्यावर आजीच्या मोडलेल्या बुगडीचे मोती, आणि पाठीमागें झाळून बसविलेली सेफ्टी पिन. वजन भरलें दीड तोळा. सर्वांनीं कौतुक केलें, आम्हींही केलें.

भिक्षावळीच्या वेळीं नातीनें ताट उचलण्यास दोन्ही हात पुढें केले, तों खांद्यावर बारीकसा टरकल्याचा आवाज झाला. पदर पाऊण इंच फाटला. चारचौघांत आम्ही त्या मुलास नको तें बोललों. तो कांहीं न बोलतां उठून गेला व त्या दिवशीं पंगतीस बसला नाहीं. छत्तीस वर्षें मुलांस शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसास हें शोभलें नाहीं. कारण तलम वस्त्रास जड दागिना कसा लावावा हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि खरें म्हणजे आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें!

घरीं परतल्यावर आम्ही, सूनबाई आणि तो मुलगा असे तिघे भिंग घेऊन बसलों. पैठणीची जर म्हणजे रेशमी धाग्याभोंवतीं गुंडाळलेली, सोन्याचें पाणी दिलेली चांदीची चपटी तार. सुईचें टोंक गुळगुळीत असेल तर रेशमाचे धागे बाजूस सरून तिला वाट देतात. जरीची तार सरत नाहीं, ती खरचटते किंवा तुटते. मुलाची पिन गेली होती नेमकी जरींतून. त्यांत ती पदर आणि चोळी या दोहोंतून घातलेली. हात पुढें होतांच चोळी एकीकडे ओढली गेली, पदर दुसरीकडे, आणि सगळा ताण चारसहा धाग्यांवर आला.

हीच अडचण स्कॉटलंडांतील लोकांसही पडते. तेथील पुरुष किल्ट नांवाचें चुणीदार लोकरी वस्त्र कमरेस गुंडाळतात व त्याच्या पुढच्या कोपऱ्यास शोभेची पिन लावतात. जाणते लोक ती वरच्याच थरांतून घालतात. दोन्ही थर एकत्र जखडले तर उठतां-बसतां ओढ बसून कापड फाटतें. आमची सेफ्टी पिन अमेरिकेंतील वॉल्टर हंट यानें १८४९ सालीं काढली व तिचे हक्क ४०० डॉलरांस विकून टाकले. तिनें माणसाचें बोट सुरक्षित झालें, कापडाचें झालें नाहीं.

संस्कृतांत सूचीकटाहन्याय आहे. लोहार कढईपूर्वीं सुई करून देतो. आम्हींही प्रथम सुईच पाहिली. जुन्या रेशमी चिंधीवर टोंक फिरविलें तों तें धागा ओढूं लागलें. मुलानें तें बारीक पॉलिश-कागदावर घांसून नखावर फिरवून पाहिलें. झाळतांना लावलेल्या नवसागराचा अंश पाठीमागें राहिला होता; तो राहिल्यास पितळ कळकतें व कापडावर हिरवट डाग पडतो. म्हणून मोती काढून, चकती ऊन पाण्यांत ब्रशानें धुवून, कोरडी करून मग मोती पुनः बसविले.

खरी युक्ति सूनबाईंची. त्यांनीं धुवून मऊ झालेल्या, खळ नसलेल्या सुती कापडाचा दीड इंचाचा दुहेरी तुकडा पदराच्या रंगाचा निवडला व त्याचे कोपरे गोल कापून कडा शिवल्या. तो पदराच्या आंतून धरावयाचा आणि जर टाळून, साध्या रेशमाच्या घडींतून, सुई त्या तुकड्यांत खालीं नेऊन पुनः वर काढावयाची. दागिन्याचें वजन मग तुकडा वाहतो. चोळीस पदर धरून ठेवण्यासाठीं वेगळी लहान पिन, तीही चोळीच्या खांद्याच्या शिवणीवर आंतून टाचलेल्या सुती पट्टींत, आणि पदर दोन बोटें सैल. रात्रीं ब्रोच काढूनच पैठणी घडी करावी. पुढच्या वेळीं सुई त्याच भोकांत घालूं नये.

हल्लीं लोहचुंबकाचे ब्रोच मिळतात. त्यांस भोंक लागत नाहीं, परंतु जड दागिना घसरतो. शिवाय ज्यांच्या छातींत पेसमेकर आहे त्यांच्याजवळ चुंबक नेणें बरें नव्हे. आमच्या वडील बंधूंस पेसमेकर आहे, म्हणून आम्हीं तो विचार सोडला.

फाटलेला पदर रफू करून घेतला. काम चांगलें झालें आहे, तरी उजेडांत रेघ दिसते. येत्या चैत्रांतल्या हळदीकुंकवास नात तीच पैठणी नेसणार आहे. ब्रोच लावण्याचें काम तिनें भावाकडेच सोंपविलें असून, तो गेले आठ दिवस आमच्या जुन्या उपरण्यावर सराव करीत आहे.