नामानिराळे होण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळच्या चहाच्या वेळी बाबांच्या मोबाईलवर एक संदेश आला. हेल्मेट न घालता दुचाकी चालविल्याबद्दल त्यांना दंड झाला होता. ठिकाण गोव्यातले आणि गाडीचा क्रमांक आमच्या जुन्या स्कूटरचा! बाबांनी तर कित्येक महिन्यांत बेळगावची वेस ओलांडलेली नव्हती. "गाडी विकलो की रे मी दीड वर्षामागं!" असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. आईने मात्र शांतपणे विचारले, "विकलासा खरं, नाव बदलून घेतलासा काय?"

बाबा गप्प झाले. त्या एका प्रश्नात सगळे आले होते.

ती स्कूटर आम्ही चंदगडकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांना विकली होती. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला, पैसे मिळाले, किल्ली आणि कागदपत्रे दिली. आईने गाडीला हळदकुंकू लावले, आणि 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून आम्ही तिला निरोप दिला. "नाव तेवढं बदलून घेतो," असा शब्द त्या गृहस्थांनी दिला होता. तो राहून गेला. पुढे गाडी त्यांच्याकडून गोव्यातल्या कोणा तिसऱ्याच्या हाती गेली. यात कोणी कोणाला फसविले असे नाही. राहून गेले, एवढेच. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती स्कूटर अजून आमच्याच अंगणात उभी होती.

असे काही घडले की 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपल्या ओठावर येते. माझ्याही आली. पण थोडा विचार केल्यावर वाटू लागले की, ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की, ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. त्याच कायद्याच्या ५० व्या कलमाने विकणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर, दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. वाहन त्याच राज्यात विकले तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे. दुसऱ्या राज्यात गेले तर ४५ दिवसांच्या आत ना-हरकत दाखल्यासह कळवावयाचे. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. त्यासाठीचे अर्ज ठरलेले आहेत : ना-हरकतीसाठी नमुना २८, हस्तांतराच्या सूचनेसाठी नमुना २९, आणि नाव बदलण्यासाठी नमुना ३०. आम्ही यांपैकी एकही भरला नव्हता. मुद्रांकावरचा करार हा दोन माणसांमधला पुरावा झाला; सरकारी नोंदवहीला त्याची वार्ताही नसते.

गंमत अशी की, जमिनीच्या बाबतीत आपण असे कधीच वागत नाही. चार गुंठे जमीन घेतली तरी उताऱ्यावर नाव चढेपर्यंत आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. वाहनाच्या बाबतीत मात्र किल्ली हाती पडली की व्यवहार संपला, असे आपण धरून चालतो. आपल्या सीमाभागात तर हा निष्काळजीपणा अधिकच महाग पडतो. आज बेळगावात असलेली गाडी उद्या चंदगडला, परवा कोल्हापूरला किंवा म्हापशाला जाते. आपल्याला नातीगोती आणि बाजारहाट यांपुढे राज्याची हद्द जाणवत नाही. पण नोंदवहीला ती जाणवते.

दंडाची रक्कम भरता येईल. खरी भीती त्यापुढची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मूळ मालकाने २००७ साली मोटार विकली, ती पुढे एकामागून एक हातांत गेली, आणि २००९ साली तिच्याखाली सापडून एक जीव गेला. नोंदवहीत नाव अद्याप पहिल्याच मालकाचे होते. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. निष्ठुर वाटणाऱ्या या निर्णयामागचे कारण मात्र मला पटते. ज्याचे माणूस गेले, त्याने गाडी कोणी कोणाला कधी विकली याचा शोध घेत दारोदार फिरावयाचे काय? त्याच्या हाती असतो तो फक्त गाडीचा क्रमांक. त्या क्रमांकामागे कोणीतरी उभे असलेच पाहिजे.

तेव्हा कायदा नोंदवहीला मानतो, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नोंदवहीतून बाहेर पडण्याची वाट प्रामाणिक विक्रेत्यालाही सोपी नाही. त्याने वेळेत सूचना दिली तरी नाव बदलावयाचे ते घेणाऱ्याने पुढचे पाऊल टाकल्यावरच. जुन्या गाड्यांच्या परवानाधारक व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू झाले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-क द्वारे संगणकावरून जाते आणि त्यापुढील जबाबदारी व्यापाऱ्याची मानली जाते. मग जी सोय व्यापाऱ्याला गाडी देणाऱ्यास मिळते, ती शेजाऱ्याला गाडी देणाऱ्यास का मिळू नये? विक्रेत्याची सूचना येताच 'विकल्याचे कळविले आहे' असा शेरा त्या क्रमांकासमोर पडावा आणि पुढचा दंड घेणाऱ्याच्या नावे जावा, एवढी सुधारणा अवघड नाही.

ती होईपर्यंत आपण आपली काळजी घेतलेली बरी. चलान आलेच तर ते पुसून टाकून स्वस्थ बसू नये. न भरलेला दंड न्यायालयापर्यंत जातो. चलानावरचे छायाचित्र, तारीख आणि वेळ पाहावी. विक्रीचा करार, पैसे मिळाल्याची नोंद, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत हे सारे जोडून लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. घेणाऱ्याला गाठून नाव बदलण्याच्या मागे लागावे. आम्ही हे सर्व केले. परंतु थकलेला दंड असला की ना-हरकत दाखल्याचे काम अडते, असे कळले. ज्या दंडाचे मूळ नाव न बदलण्यात, तोच दंड नाव बदलण्याच्या आड आला! तोवर आणखी दोन चलाने आली होती. शेवटी बाबांनी तिन्ही दंड स्वतःच्या खिशातून भरले, आणि महिनाभर खेटे घातल्यावर स्कूटर एकदाची आमच्या नावावरून उतरली.

हे सर्व येथे लिहिण्याचे कारण असे की, परीक्षा संपली की आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही हाच बाजार भरतो. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी गावी जाताना आपली दुचाकी खालच्या वर्गातल्या मित्राला देतो. मुद्रांकसुद्धा नसतो, मैत्री हाच करार. "तुझ्यावर विश्वास नाही काय?" या प्रश्नापुढे कागदाची गोष्ट काढणे आपल्याला ओशाळवाणे वाटते. मला वाटते, हाच आपला मोठा गैरसमज आहे. कागद हा अविश्वासाचे लक्षण नाही. उद्या दोघांपैकी एकाच्या हातून चूक घडली, तर मैत्री टिकावी म्हणूनच तो करावयाचा असतो. दोघांनी मिळून परिवहन कार्यालयात जावे, अर्जांवर समोरासमोर सह्या कराव्यात, घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत विम्यावरही आपले नाव चढवून घ्यावे, आणि मग उपाहारगृहात बसून खुशाल चहा प्यावा.

'मी त्यातून नामानिराळा झालो' असे आपण किती सहज म्हणतो! आमचे बाबा दीड वर्ष तसेच समजून होते. गाडीची किल्ली देऊन कोणी नामानिराळा होत नाही. नोंदवहीतले नाव निराळे झाल्यावरच तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला येतो.