साईडपट्टी सोडा

घाटरस्ता रुंद झाला की गावाचं भलं होतं, असं भाषणात सांगतात. भलं होतं ते मोटारवाल्याचं. पुणे-बंगळूर हायवे चौपदरी झाला, कडेचे वड गेले आणि सायकलवाला डांबरावरून खाली उतरला. यवतेश्वर, पसरणीच्या घाटाची आणि शिराळ्याहून चांदोलीकडं जाणाऱ्या रस्त्याची तीच गत करायची का?

२०१२ साली कास पठार जागतिक वारशात गेलं. आता फुलांच्या दिवसांत रविवारी यवतेश्वराच्या चढाला मोटारींची रांग लागते. पहाटे हेल्मेट घालून हाच घाट चढणाऱ्या शहरी सायकलवाल्यांना गावातली माणसं हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आमच्याकडं किटल्या अडकवून दूध सायकलीवरूनच डेअरीला गेलं, पोरं सायकलीवरूनच हायस्कूलला गेली. त्यांना लागतो तसलाच रस्ता आम्हालाही लागतो : सावलीचा, बेताच्या वेगाचा.

कुणी म्हणेल, आजारी माणूस न्यायचा, उसाची ट्रॉली काढायची, मग रुंद रस्ता नको? खड्डे बुजवा, वळणावर कठडे बांधा, साईडपट्टीवर मुरूम टाकून रोलर फिरवा. तेवढ्यावर ट्रॉलीही निघते, आजारीही पोचतो. नुसत्या रुंदीनं वेग तेवढा वाढतो, आणि त्यात आधी सापडतो तो शाळेला निघालेला पोरगा.