ताल कुणाचा, नाव कुणाचे?

जमैकाच्या रेगे संगीताचे चाहते इंटरनेटवर जगभर पसरलेले आहेत. आपल्याकडेही बॉब मार्लेचे चित्र असलेला टी-शर्ट घालून फिरणारी पोरे कमी नाहीत. या चाहत्यांमधले अनेक जण एकच पालुपद आळवतात: साठच्या दशकातले संगीत म्हणजे सोने, नंतरचे डान्सहॉल म्हणजे जुन्या तालावर केलेली बडबड. हा अभिरुचीचा साधा वाद नाही. श्रम कुणाचे आणि श्रेय कुणाला, हा प्रश्न या वादाखाली गाडला जातो.

आधी वस्तुस्थिती पाहू. बास आणि ड्रमवर उभ्या राहिलेल्या साथीला जमैकात 'रिडिम' म्हणतात. एकाच रिडिमवर अनेक गायक आपापले शब्द गातात. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड यांनी 1963 साली किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' सुरू केला. तिथे जॅकी मिट्टू, लिरॉय सिबल्स यांच्यासारख्या वादकांनी असंख्य रिडिम घडवले. 'साउंड डायमेन्शन' या तिथल्याच वादकसंचाचे 'रिअल रॉक' हे 1967 चे. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वाजवणारे कितीतरी जण 'अल्फा' या गरीब मुलांच्या शाळेतून आलेले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शुगर मिनॉटने याच जुन्या रिडिमवर नवी गाणी गायली आणि डान्सहॉलची वाट मोकळी झाली. म्हणजे ज्याला 'बडबड' म्हणतात ते त्या सोन्याचेच पुढचे रूप आहे. बाप थोर आणि लेकरू नालायक, हा कुठला न्याय?

आता पैशाकडे या. वादकाला ठरलेली मजुरी मिळे. रेकॉर्ड आणि हक्क मालकाचे. ट्रेंचटाउनच्या आल्टन एलिस यांचे 'आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह' हे 1967 चे गाणे घ्या. त्याचाच रिडिम पुन्हा वाजवून अल्थिया आणि डोना या दोन किशोरवयीन मुलींनी गायलेले 'अपटाउन टॉप रँकिंग' 1978 साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गाण्याच्या श्रेयात या दोघी आणि ध्वनिमुद्रक एरॉल थॉम्पसन यांची नावे होती; एलिस यांचे नव्हते. पुढे शॉन पॉलने तेच गाणे नव्याने जगभर पोहोचवले. ताल अमर झाला, पण ज्यांच्या बोटांतून तो निघाला ती माणसे किती जणांना ठाऊक आहेत?

कुणी म्हणेल, 'स्टुडिओ वन' तर काळ्या माणसाच्या मालकीचा होता. होता, आणि त्या काळात ती मोठी गोष्ट होती. पण मालक आपल्यातला झाला म्हणून मजुराचा हिशेब आपोआप चुकता होत नाही. 2004 साली ब्रेंटफर्ड रोडला 'स्टुडिओ वन बुलेवर्ड' हे नाव मिळाले. रस्त्याला नाव कंपनीचे लागले, वादकांचे नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे: 'रिडिम सगळ्यांचा असतो, ती परंपराच आहे.' वापरू देणे आणि मोबदला देणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गल्लीतल्या पोराने थोरल्याच्या तालावर गाणे हे आपसातले देणेघेणे आहे. ते बंद पाडा असे कुणी म्हणत नाही; तसे झाले असते तर डान्सहॉल जन्मलेच नसते. पण तोच ताल परदेशी बाजारात विकला जातो तेव्हा वाटा मागणे हा हक्क आहे. घडवणारा गरीब असला की त्याची निर्मिती 'परंपरा' होते आणि विकणारा श्रीमंत असला की तीच 'मालमत्ता' होते. ही चलाखी ओळखा.

आपल्याला हे परके वाटू नये. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बांधून भीमगीतांनी वस्त्या जाग्या केल्या. त्यालाही 'उसनी चाल' म्हणून नाक मुरडणारे होतेच. जयंतीचा आवाज ज्यांना गोंगाट वाटतो त्यांना डान्सहॉलही गोंगाटच वाटणार.

म्हणून डान्सहॉलचे सगळेच डोक्यावर घ्यायचे काय? मुळीच नाही. बुजू बँटनच्या 'बूम बाय बाय'सारख्या गाण्यात समलैंगिकांविरुद्ध उघड हिंसेची भाषा आहे. बायकांना वस्तू समजणारी गाणीही ढीगभर आहेत. त्यांना विरोध झालाच पाहिजे, पण समतेच्या कसोटीवर. 'अश्लील', 'थिल्लर', 'आवाज फार' ही प्रस्थापितांची जुनी कसोटी आहे. ती आपण उचलायची नाही.

काही चाहते जुन्या रेकॉर्डवरून वादकांची नावे शोधून काढतात. हे खरे काम आहे आणि त्यांचे ऋण मानले पाहिजे. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादे गाणे शेअर कराल तेव्हा लेबलचे नाव टाकून थांबू नका. बास कुणी वाजवला, ऑर्गनवर कोण होते, हे शोधा आणि लिहा. ज्याचे श्रम त्याचे नाव, एवढी मागणी तर आपण कुठल्याही देशातल्या माणसासाठी करू शकतो.