हक्क घरपोच हवा

१९३६ साली मनोहरजी दिवाण वर्ध्याजवळच्या दत्तपुरात कुष्ठरुग्णांमध्ये राहायला गेले. ते डॉक्टर नव्हते. कुष्ठरोगावर खात्रीचे औषध तेव्हा कोणाकडेच नव्हते आणि हे काम मिशनऱ्यांचे, आपले नव्हे, असे मानणारा तो काळ होता. विनोबांच्या आश्रमातला हा कार्यकर्ता, गुरूचा आशीर्वाद घेऊन, त्या माणसांबरोबर शेती करायला आणि सूत कातायला बसला. पुढे १९३९ च्या सुमारास संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींची त्यांच्याशी ओळख झालेली होती. रोग बळावलेला, घरादाराला पारखे झालेले. गांधीजींनी आश्रमवासीयांना विचारून त्यांना ठेवून घेतले, आपल्या कुटीजवळ त्यांची कुटी बांधवली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. ती कुटी आजही उभी आहे आणि बाहेरगावचा पाहुणा आला की आपण वर्धेकर ती त्याला आवर्जून दाखवतो.

दाखवावीच. पण या गोष्टीचा पुढचा भाग आपण कोणाला सांगत नाही आणि यंदाच्या दिवाळी अंकाला मला तोच भाग हवा आहे. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय वर्ध्यात, हिंदीनगरात. डॉ. रा. वि. वारदेकर यांनी तिथे जी पद्धत बसवली ती फार साधी होती. रोगी येण्याची वाट पाहायची नाही. कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जायचे, प्रत्येक माणसाच्या अंगावरचा चट्टा तपासायचा, घरच्यांना समजावून सांगायचे आणि औषध तिथेच, त्याच्या गावात द्यायचे. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. तोवर कुष्ठरुग्णाची जागा गावाबाहेर असायची, फार तर एखाद्या आश्रमात. या पद्धतीने त्याला त्याच्या ओसरीवर, त्याच्या माणसांत ठेवले. पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रमासाठी हाच मार्ग घेतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार आले, तेव्हा देशातल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता, कारण कोणत्या गावात कोण आहे हे इथे ठाऊक होते.

म्हणजे माणूस शोधत त्याच्या दारी जाण्याची विद्या या जिल्ह्याने देशाला दिली. आज अपंगत्वाच्या बाबतीत नेमकी तीच विद्या आपल्याकडे उरलेली नाही. हक्क आहेत, योजना आहेत, कायदा चांगला आहे, आणि तरीही चालता न येणाऱ्याने चालत यावे अशी सगळी रचना आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, आता एकवीस आहेत. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात पाच टक्के. सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण. प्रत्येक सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी. पण या सगळ्याच्या तोंडाशी एक कागद आहे, अपंगत्वाचा दाखला. अर्ज संगणकावर भरायचा, म्हणजे गावातून सेवा केंद्र गाठायचे. मग तपासणीची तारीख, मग रुग्णालय, मग तज्ज्ञ त्या दिवशी नसले तर पुन्हा. कारंजा किंवा आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावातून व्हीलचेअरवरच्या माणसाला वर्ध्याला आणायचे तर भाड्याची गाडी, सोबत एक माणूस आणि त्या दोघांची बुडालेली मजुरी. एसटीत दिव्यांगाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण गाडीच्या पायऱ्या चढता आल्या तर. आणि सवलतीसाठीही आधी तोच कागद लागतो. लोक एकमेकांना विचारतात ते ‘टक्के किती निघाले?’ चाळीस निघाले तर दार उघडते, अडतीस निघाले तर नाही.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांकडे पाहा. औषधाने जंतू मेले, पण हाताची संवेदना परत आली नाही. कापसाच्या बोंडाची टोके बोचून हात रक्ताळतो आणि माणसाला कळत नाही. चुलीवरचे भांडे उचलताना कातडी भाजते आणि वासावरून समजते. असे हात अंगठ्याच्या यंत्रावर ठेवले की यंत्र त्यांना ओळखत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१८ रोजी पंकज सिन्हा यांच्या याचिकेवर निकाल देताना कुष्ठरोगाने आलेल्या अपंगत्वाच्या मोजमापासाठी वेगळे नियम करण्याचा विचार व्हावा असे सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात, आम्लहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. या दोन निकालांची प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर लागावी असे मला मनापासून वाटते. कायद्याची पावले या बाबतीत किती मंद पडली तेही लक्षात ठेवायला हवे. कुष्ठरुग्णांना समाजापासून तोडणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहणार नाही, हे २०१९ मध्ये ठरले. औषध गावात पोचून तोवर पस्तीस वर्षे झाली होती.

आता सिकलसेल. विदर्भातल्या किती घरांत हा आजार आहे हे वाचकांना वेगळे सांगायला नको. २०१६ च्या कायद्याने तो अपंगत्वात धरला, ही आपल्या भागासाठी फार मोठी गोष्ट होती. पण हा आजार बाहेरून दिसत नाही. दिवाळी सरली, थंडी पडली की सांध्यांत कळा सुरू होतात. मूल चार दिवस शाळेत येत नाही, पाचव्या दिवशी खेळताना दिसते आणि शेजारी म्हणतात, नाटक करते. तपासणीच्या दिवशी ते मूल बरे असते. वेदनेचे वर्षभराचे मोजमाप एका सकाळी कसे करायचे? नियमांत त्यासाठी रक्त किती वेळा द्यावे लागले, दवाखान्यात किती वेळा राहावे लागले याची नोंद पाहिली जाते, आणि ही कागदपत्रे जपून ठेवायची असतात हे आईला कोणी सांगितलेले नसते. चिठ्ठ्या पावसात भिजतात, उंदीर खातात, भाड्याचे घर बदलताना हरवतात. शिवाय कायद्यातली एक फट इथे उघडी पडते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांना उच्च शिक्षणातल्या राखीव जागा मिळू शकतात, नोकरीतल्या चार टक्क्यांत मात्र त्यांचे नाव नाही. शिकवायचे आणि मग दाराबाहेर उभे करायचे, हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्याची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात विदर्भातून व्हायला हवी. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, हे तरी प्रत्येक घराला माहीत असू दे.

मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या आईवडिलांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांच्याशी बोलताना सगळे बोलणे फिरून एकाच जागी येते: आमच्यानंतर याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात याचे निदान अर्धे उत्तर आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षे घालवावी लागत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. मूल अठराचे झाले आणि बँकेने सही मागितली की घरचे गांगरतात. ही माहिती त्याआधी, सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळेतूनच मिळायला हवी.

माणूस शोधत जाणे अवघड असते, मनुष्यबळ नसते, असे उत्तर मिळते. मग २६ एप्रिल २०२४ आठवा. त्या दिवशी वर्धा मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. त्याआधी, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ज्या मतदारांनी मागणी केली, त्यांच्या घरी निवडणूक कर्मचारी मतपेटी घेऊन जातील अशी व्यवस्था देशभर केलेली होती. गुप्त मतदानासाठी आडोसा, चित्रीकरण, पोलीस बंदोबस्त, सगळे एका माणसाच्या दारात. लोकशाहीने हे करून दाखवले याचा मला आनंद आहे. म्हणूनच विचारतो, मतासाठी ज्याचे घर सापडले, त्याच घरी दाखल्यासाठी डॉक्टर वर्षातून एकदा का जाऊ शकत नाही?

गावाच्या हातात जे आहे त्याबद्दल थोडे सविस्तर. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. पूर्वी तो तीन टक्के होता. लहान गावात ही रक्कम थोडी असते आणि म्हणूनच ती बहुधा मार्चअखेरीला सारखी वाटून टाकली जाते. सगळ्यांना थोडे थोडे, खर्च झाला, नोंद झाली. एखाद्याला कुबडी हवी असते, एखादीला शौचालयात धरायला दांडा, एखाद्या मुलाला वर्ध्याच्या तपासणीपुरते गाडीभाडे. कोणाला काय हवे हे विचारले तर त्याच पैशात गावाला उपयोग दिसेल. पण विचारायला यादी हवी, आणि यादी नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे एकोणतीस लाख त्रेसष्ट हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा प्रकार आठ विचारले होते. सिकलसेलचे मूल त्या मोजणीत नव्हतेच. आपल्या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत आज नेमके कोण, कुठे, कोणत्या गरजेसह राहते, हे १९५२ साली वारदेकरांच्या कार्यकर्त्यांना जितक्या बारकाईने माहीत करून घ्यावेसे वाटले, तितके आपल्याला वाटते का?

आशाताई कुष्ठरुग्ण शोधायला आजही घरोघर जातात. त्यांच्याच वहीत आणखी एक पान घाला, असे सुचवणे सोपे आहे, पण ते काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकू नये. मोबदला द्यावा आणि सोबत गावातला निवृत्त शिक्षक, बचत गटातली एखादी बाई, आणि मुख्य म्हणजे गावातलीच एखादी दिव्यांग व्यक्ती असावी. काय विचारायचे हे तिला सर्वांहून चांगले कळते.

काही गोष्टी अंकभर विखुरलेल्या आहेत, त्या इथे धावत्या सांगतो. सोयाबीनची मळणी सुरू आहे. मळणीयंत्रात हात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एक अवयव गमावल्यास एक लाख, दोन गमावल्यास दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि लवकर. दिव्यांगांचे निराधारचे पैसे दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला, हे चांगले झाले. ते दर महिन्याला, वेळेवर यायला हवेत. दिव्यांग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. ती जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असे बजावले. आपल्या तालुक्याच्या तहसीलीत उताराची वाट आहे का, आणि असली तर तिच्यावर दुचाक्या लावलेल्या असतात का, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे.

आमच्या स्वतःच्या घरातही एक थकलेले देणे आहे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, त्याला शतक उलटून गेले, आणि आजही बहुतेक अंक दृष्टिहीन वाचकाच्या हाती कोरे कागद म्हणूनच पडतात. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू करून वाट दाखवली. यंदा हा अंक आम्ही संपूर्ण वाचून ध्वनिमुद्रित केला आहे. तो मागेल त्याला विनामूल्य मिळेल. लेखांची निवड करतानाही एक नियम पाळला: दिव्यांगांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा दिव्यांग लेखक अधिक असावेत. त्यामुळे अंकात कौतुकाचे लेख कमी आणि रागाचे जास्त आले आहेत. तो राग आम्ही संपादनात सौम्य केलेला नाही.

हिंगणघाटात २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेले बाबा आमटे पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून गेले. दत्तपूर आपले, आनंदवन शेजारचे. अशा संस्थांनी ज्यांना कोणी नव्हते त्यांना घर दिले. ज्यांना घर आहे, त्यांना त्याच घरात, त्याच गावात हक्काने राहता यावे, हे काम संस्थांवर टाकता येणार नाही. ते ग्रामसभेचे आहे.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा होऊन गेली. पुढची २६ जानेवारीला आहे. मध्ये तीन महिने आहेत. या काळात आपल्या गावात एकवीस प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची किती माणसे आहेत, त्यांपैकी किती जणांकडे दाखला आहे, किती जण अर्ज करून थांबले आहेत आणि मागच्या वर्षीचा पाच टक्के निधी कशावर खर्च झाला, एवढे चार प्रश्न घेऊन दोघा-तिघांनी फिरावे. सरपंचांना आधी सांगावे आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. एक प्रत आमच्याकडे पाठवावी. व्यक्तींची नावे नकोत, फक्त गावाचे नाव आणि आकडे. जितक्या गावांची पत्रे येतील तितकी सगळी, तालुकावार, आम्ही छापू आणि तो अंक जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन देऊ.