हल्कचा भाऊ भुईमूग

गोव्यात हरमलच्या दुकानांबाहेर टांगलेल्या टी-शर्टांत हिरवा हल्क हटकून असतो, उन्हाने विटून पोपटी झालेला. मार्व्हल कॉमिक्सने 1962 साली त्याला गॅमा किरणांच्या अपघातातून घडवलं. तोच डोस मुद्दाम दुसऱ्याला दिला तर? परवा एका शाळकरी पोराने नेमकं हेच विचारलं. त्याचं उत्तर मुंबईत, ट्रॉम्बेला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नवे वाण काढायला भुईमुगाच्या बियाण्यावर किरणांचा मारा करतात. पण किरण डीएनए कुठे तोडतील हे कुणाच्याच हातात नसतं. एकाच मात्रेने शेजारच्या दोन दाण्यांत निराळे बदल होतात, बरेचसे कुचकामी. म्हणून शास्त्रज्ञ तोच अपघात गिरवत बसत नाहीत. हजारो रोपांतून एखादं बुटकं, शेंगांनी लगडलेलं रोप हेरतात, संकर करतात, गुण स्थिरावेपर्यंत पिढ्या काढतात. 1991 चा टीएजी-24 वाण अशाच वाटेने शेतात आला. माणसाच्या बाबतीत ही निवड करता येत नाही (करूही नये). शिवाय वाढलेल्या शरीरातल्या अब्जावधी पेशी एका सुरात बदलत नाहीत. जास्त किरणांनी पेशी मरतात किंवा पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा बाळा, टी-शर्ट खुशाल घे, पण दुसरा हल्क काही होणार नाही.