वंगणाचं सोवळं

‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’ असं छापलेला वंगणतेलाचा डबा दिसला की मी तो उचलत नाही. विकणारा खोटं तरी बोलत असतो, नाहीतर माझं यंत्र भंगारात जायचं असतं. नुसतं वनस्पती तेल यंत्रात ओतल्यावर काय होतं हे पाहायला प्रयोगशाळा नको. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर बोट फिरवा. ती चिकट, पिवळी पुटं म्हणजे तेलाच्या असंतृप्त रेणूंनी हवेतला ऑक्सिजन घेऊन केलेलं रोगण. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. बेअरिंगमध्ये तोच गुण घात करतो.

‘आमचे आजोबा बैलगाडीच्या आसाला एरंडेलच घालायचे,’ हे ऐकवणारे भेटतातच. घालायचे ना! पण आस तापतो किती हो? पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेल असे, पण ते एकदा फिरून धुराबरोबर बाहेर पडे. तेच तेल शेकडो तास उकाड्यात फिरवत ठेवायची पाळी तिथं येतच नसे.

वनस्पती तेल धातूला धरून राहतं, तापलं तरी खनिज तेलाइतकं पातळ होत नाही, सांडलं तर मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. हे गुण टिकवायचे तर अँटिऑक्सिडंट हवं, थंडीत थिजू नये म्हणून वेगळं काही हवं, झीज रोखायला आणखी काही. असंतृप्त रेणूंतले दुहेरी बंध एपॉक्सिडेशनने आधीच मिटवले तर उत्तमच. यात बाटण्यासारखं काय आहे?

दुसरे महाभाग याहून बेरकी. खनिज तेलासाठी बेतलेलं झीज रोखणारं रसायन, झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, उचलायचं, वनस्पती तेलात ढकलायचं आणि डब्यावर हिरवं पान छापायचं. वनस्पती तेलाचे रेणू आधीच धातूवर जागा अडवून बसलेले, त्यामुळे हे रसायन तिथं पोचवायला जास्त घालावं लागतं. वर जस्त जलचरांना विषारी. ज्या नदीच्या नावाने सोयाबीन पिळलं, तिलाच जस्त पाजायचं! मिरवायला मात्र चाचणी हजर : २८ दिवसांत ६० टक्के विघटन, ओईसीडीच्या कसोटीवर. कोणाचं? मूळ तेलाचं. त्यात जे ढवळलं त्याबद्दल अवाक्षर नाही.

तेव्हा दुकानदाराला ‘यात केमिकल आहे का’ असं विचारू नका. असणारच, असायलाच हवं. कोणतं, किती, आणि चाचणी तयार तेलाची झाली की नुसत्या मूळ तेलाची, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.